तोंड वाकडं झालं, आधी डॉक्टर आणि मग सुया: एका केसची पूर्ण हकीकत

ही केस मी पूर्ण लिहितेय कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. "तिचं तोंड वाकडं झालं होतं, ॲक्युपंक्चरने सरळ झालं", एवढंच पुढे पुढे जातं, आणि ते ऐकून जे लोक माझ्याकडे येतात त्यांचे कधीकधी औषधाचा खरा उपयोग होण्याचे दिवस निघून गेलेले असतात. मी मूळची फिजिओथेरपिस्ट, नंतर ॲक्युपंक्चर शिकले, रोज तेच काम करते, सुयांवर माझा विश्वास आहे आणि म्हणूनच त्यांच्या खात्यावर नको ते श्रेय जमा झालेलं मला बघवत नाही. पेशंटने लिहायला परवानगी दिलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई चाळिशीच्या, शिकवण्याचं काम, म्हणजे दिवसभर उभं राहून बोलायचं. बीपी नाही, शुगर बॉर्डरवर. माझ्याकडे आल्या त्या आजारासाठी नाहीच, चेहऱ्यासाठी आल्या होत्या. ओठांच्या कडेच्या रेषा, डोळ्यांखाली सूज, कपाळावर आठ्या. याला हल्ली कॉस्मेटिक ॲक्युपंक्चर म्हणतात, चेहऱ्यावर अगदी बारीक, साधारण ०.१६ ते ०.२० मिलिमीटर जाडीच्या सुया वरवर लावतात आणि सोबत हातापायाचे काही पॉइंट घेतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की यातला पुरावा पातळ आहे. कोरियात २०१३ साली २८ बायकांवर एक छोटा अभ्यास झाला, त्यात चेहऱ्याचा सैलपणा थोडा सुधारलेला दिसला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, त्यामुळे त्यावरून छातीठोकपणे काही बोलता येत नाही. आणि "सुयांनी कोलॅजन वाढतं" असं जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा मायक्रोनीडलिंगच्या अभ्यासांवरून उचललेलं असतं, ज्यात रोलरने किंवा पेनने त्वचेला शेकड्यांनी छिद्रं पाडतात. वीस-पंचवीस सुया लावून तोच परिणाम होईल हे मी कुणाला सांगणार नाही. एवढं ऐकूनही ताई म्हणाल्या, "चालेल, चेहरा जरा टवटवीत दिसला आणि अर्धा तास शांत पडायला मिळालं तरी पुष्कळ आहे." मग सुरू केलं. काही सिटिंग झाली, चेहऱ्यावर रक्त खेळल्यासारखी लाली यायची ती थोड्या वेळाने उतरायची, रेषांमध्ये मला फरक दिसला नाही, झोप मात्र चांगली लागायला लागली असं त्या सांगायच्या.

मग एका सकाळी त्यांचा मेसेज आला. चूळ भरताना पाणी डावीकडून बाहेर येतंय, हसल्यावर तोंड उजवीकडे जातंय, डावा डोळा मिटत नाही. पुढे लिहिलेलं, "संध्याकाळची अपॉइंटमेंट आहेच, आत्ताच येऊ का? सुया लावल्या की लगेच सुटेल ना?"

मी लगेच फोन केला. अचानक चेहरा एका बाजूने पडला तर पहिली शंका पक्षाघाताची, म्हणजे स्ट्रोकची घ्यायची, त्यात दुसरा विचारच नाही. दोन्ही हात वर करा म्हटलं, केले. एक लांब वाक्य बोलायला लावलं, ओठ नीट जुळत नव्हते म्हणून प-ब-म जरा निसटत होते पण शब्द आठवण्यात काही अडचण नव्हती. व्हिडिओवर भुवया वर करायला सांगितल्या. उजव्या कपाळावर आठ्या पडल्या, डावं कपाळ एकदम सपाट, इस्त्री केल्यासारखं. ही खूण फार कामाची असते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो, त्यामुळे मेंदूतल्या झटक्यात बहुतेक वेळा कपाळ वाचतं आणि फक्त खालचा चेहरा पडतो. कपाळासकट सगळी बाजू गेली तर गडबड मेंदूच्या बाहेर, चेहऱ्याच्या नसेत असण्याची शक्यता जास्त. पण हे फोनवर ओळखून घरी बसायचं नसतं, अपवाद असतात, म्हणून मी त्यांना म्हटलं, "ताई, माझ्याकडे आज येऊ नका, संध्याकाळी पण नको. आत्ता हॉस्पिटलला जा, इमर्जन्सीत दाखवा, आणि माझ्याकडे चेहऱ्याला सुया लावल्यात हेही डॉक्टरांना सांगा." त्यांचे मिस्टर घेऊन गेले.

निदान बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा अचानक होणारा लकवा. स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या नसेचं काम मांडलं, त्यांच्यावरून हे नाव पडलंय. दरवर्षी लाख माणसांत साधारण १५ ते ३० जणांना होतो, गरोदरपणात आणि डायबेटिसमध्ये धोका वाढतो. डॉक्टरांनी कानात आणि टाळूवर फोड आहेत का बघितले, कारण नागिणीच्या विषाणूमुळे झालेला लकवा वेगळा, जास्त चिवट असतो आणि त्याची औषधंही वेगळी. फोड नव्हते. आदल्या दोन दिवसांत डाव्या कानामागे ठणकत होतं हे तिथे विचारल्यावर ताईंना आठवलं, तोवर त्यांना वाटत होतं मान अवघडलीय. हाऊस-ब्रॅकमन नावाची १ ते ६ अशी ग्रेड असते, १ म्हणजे नॉर्मल, ६ म्हणजे काहीच हालचाल नाही. ताईंची ४ लिहिली: डोळा पूर्ण मिटत नाही, कपाळ हलत नाही, स्वस्थ बसल्यावर मात्र चेहरा बऱ्यापैकी सारखा. त्याच दिवशी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लिहून दिलं, शुगर बॉर्डरवर असल्यामुळे ती रोज तपासायला सांगितली, डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम आणि वर टेप.

रात्री ताईंचा परत फोन. आवाजात भीती होती आणि गोळी अजून घेतलेली नव्हती.

"मॅडम, स्टिरॉइड आहे हो. चेहरा अजून सुजेल, शुगर वाढेल. तुमचं नॅचरल आहे, तुम्हीच करा ना काहीतरी."

मला त्या क्षणी सगळ्यात जास्त काळजी वाटली, कारण एखाद्या थेरपिस्टने तिथे "हो या, गोळ्या नकोत" म्हटलं असतं तर त्या आनंदाने आल्या असत्या. मी त्यांना नस कुठून जाते ते समजावलं. चेहऱ्याची नस कानाजवळच्या हाडातल्या एका चिंचोळ्या बोगद्यातून येते, शरीरात हाडातून एवढा लांबचा प्रवास करणाऱ्या नसा फार नाहीत. बहुधा एखाद्या जुन्या विषाणूने परत डोकं वर काढलं की नस सुजते, आणि हाड काही मागे सरकत नाही, बोट सुजल्यावर अंगठी रुतावी तशी नस आवळली जाते. स्टिरॉइडचं काम ती सूज उतरवणं, आणि ते वेळेत द्यावं लागतं, ७२ तासांच्या आत. स्कॉटलंडमधला २००७ चा मोठा अभ्यास आहे, त्यात ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी तीन महिन्यांनी ८३ टक्के पूर्ण बरे झाले, न घेतलेल्यांपैकी ६३.६ टक्के, आणि नऊ महिन्यांनी ९४.४ विरुद्ध ८१.६. म्हटलं, "ताई, माझ्या सुयांच्या बाजूने असा आकडा माझ्याकडे नाही. चेहरा सुजण्याची भीती लांबच्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या कोर्सची, हा थोड्या दिवसांचा आहे. शुगरचं डॉक्टरांशी बोला, पण आज गोळी घ्या." मिस्टरांनी फोन घेतला आणि सरळ विचारलं, "तुमच्या सुयांमुळे झालंय का हे?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी आधीची सगळी नोंद काढून बघितली होती. सुया गालावर, कपाळावर, वरवरच्या, मुख्य नस कानाच्या पाळीखाली जिथून बाहेर पडते तिथला यीफंग हा पॉइंट मी घेतलेलाच नव्हता, आणि कानामागचं दुखणं, मग एका रात्रीत पूर्ण बाजू जाणं, कपाळासकट, हे चित्र नस आत बोगद्यात सुजल्याचं आहे. गालातल्या एका बारीक फांदीला सुई लागली तर सगळी बाजू एकदम जात नाही. हेच मी त्यांना सांगितलं, नोंदीची प्रत दिली आणि म्हटलं ती डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं म्हणाले तर मला कळवा. डॉक्टर वेगळं म्हणाले नाहीत.

आता सुयांचं. डॉक्टरांना विचारून, गोळ्या चालू ठेवून, ताई आठवड्यातून दोनदा यायला लागल्या. चिनी वैद्यकात हा आजार पहिल्यापासून ओळखीचा आहे, चेहऱ्याच्या वाहिन्यांत वारा शिरला असं त्याचं स्पष्टीकरण, आणि चीनच्या हॉस्पिटलांत ॲक्युपंक्चर विभागात चेहऱ्याचा लकवा हे नेहमीचं दुखणं आहे. चेहरा आणि तोंड यांच्या तक्रारींना हेगू, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधला पॉइंट, अशी जुनी ओळ तिथले विद्यार्थी पाठच करतात. पहिल्या आठवड्यात मी चेहऱ्याला जवळजवळ हात लावला नाही, सुजलेल्या नसेला वरून डिवचायचं नाही असं मला शिकवलं गेलंय आणि मला ते पटतं. उजव्या हाताचा हेगू, गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या बाजूचा त्सुसानली, मानेवरचे पॉइंट, एवढंच. दुसऱ्या आठवड्यापासून चेहऱ्यावर आले: भुवईच्या वर यांगबाई, नाकपुडीशेजारी एक, आणि ओठाच्या कोपऱ्यातल्या दीत्सांगपासून जबड्याच्या कोनाजवळच्या ज्याछच्या दिशेने एक सुई आडवी. ही सुई जवळजवळ चपटी धरून त्वचेखालून सरकवायची असते, टोक वर उचललं जायला लागलं तर थांबायचं, खाली स्नायूत रुतलं तर सरकतच नाही. मी ती सरकवत असताना ताई एकदम म्हणाल्या, "हलत तर काहीच नाही, मग टोचतंय कसं?"

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. चेहरा हलवणारी नस सातवी, स्पर्श कळवणारी पाचवी, वेगळी. ताईंची सातवी झोपली होती, पाचवी ठणठणीत होती. गाल जड, बधिर वाटतो तो बहुतेक हालत नाही म्हणून वाटतो. हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं, गाल मेला नाहीये एवढं तरी कळलं म्हणाल्या. (याच सातव्या नसेत जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानातल्या एका छोट्या स्नायूची फांदीही असते, म्हणून त्यांना जेवण बेचव लागत होतं आणि वर्गातला गोंगाट डाव्या कानात टोचत होता. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, वेगळंच काहीतरी असेल म्हणून.)

काय केलं नाही हे पण लिहायला हवं, कारण या आजारात लोक चेहऱ्यावर जे जे मिळेल ते करून घेतात. मोक्सा म्हणजे आर्टेमिसिया या वनस्पतीची कांडी पेटवून दिलेला शेक, बाकी ठिकाणी मी वापरते, पण ज्याचा डोळा मिटत नाही त्याच्या चेहऱ्याजवळ धूर नको आणि राख तर नकोच. शेकाचा दिवा नाही, डोळा सुकतो. कप लावले नाहीत, ढिल्या पडलेल्या गालाला व्हॅक्यूमने ओढून काय साधणार, वर काळेनिळे गोल उठतात ते वेगळे. ताई घरी व्हिडिओ बघून ग्वाशाच्या दगडाने गाल जोरजोरात वर ओढत होत्या, "लिफ्ट होईल" म्हणून, ते थांबवलं. त्याऐवजी बोटांच्या टोकांनी हलका मसाज आणि आरशासमोर छोट्या, हळू हालचाली. जोर लावून तोंड वेंगाडायचं नाही, च्युइंगम चघळत बसायचं नाही. सुयांना मशीन जोडून करंट द्यायचा आग्रह मिस्टरांचा होता, त्यांना तसं कुणीतरी सांगितलेलं. चेहऱ्याच्या लकव्यात करंटचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही, आणि नस परत उगवताना तिच्या तारा चुकीच्या स्नायूला जोडल्या जाण्याची भीती असते, त्यात सगळे स्नायू एकदम आकसवायला लावणं मला योग्य वाटत नाही. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली जी माझ्या मते या केसमध्ये सगळ्या सुयांपेक्षा मोठी आहे. झोपवण्याआधी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे, पंखा बंद करायचे, ओला गॉझ ठेवायचे. त्या दिवशी गॉझ ठेवताना बुबुळाच्या खालच्या बाजूला लाली दिसली आणि उजेडाकडे बघवेना. रात्री टेप सुटत होती, पापणी उघडी राहून उशी घासत होती. सिटिंग रद्द, तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. त्यांनी रंगाचा थेंब टाकून बघितलं, कॉर्नियावर ओरखडा होता, वेळेवर सापडला. मलम बदललं, पापणी आधी बोटाने पूर्ण खाली ओढून मग टेप आडवी कशी लावायची ते मिस्टरांना शिकवलं. बेल्स पाल्सीमध्ये चेहरा बहुतेकांचा परत येतो, कॉर्नियावर जखम होऊन व्रण राहिला तर नजर परत मिळवणं अवघड. तरी सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे.

तिसऱ्या आठवड्यात डावी नाकपुडी किंचित फुलली. मी आरसा त्यांच्या हातात दिला, त्या बराच वेळ नुसती नाकपुडीच हलवत बसल्या, रडल्या पण. पुढच्या दोन आठवड्यांत गाल, मग डोळा मिटायला लागला, कपाळ सगळ्यात शेवटी.

सुयांनी झालं का? कोपनहेगनमध्ये पायटरसन नावाच्या डॉक्टरांनी उपचार न घेतलेले हजारावर रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले, त्यांचा अहवाल २००२ मध्ये आला. त्यात बेल्स पाल्सीच्या ८५ टक्के लोकांमध्ये तीन आठवड्यांत काहीतरी हालचाल दिसायला लागली आणि ७१ टक्के पूर्ण बरे झाले, काहीही न करता. त्यात ताईंनी वेळेवर स्टिरॉइड घेतलेलं. मग तिसऱ्या आठवड्यातली नाकपुडी माझ्या सुईची असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? सुयांच्या बाजूनेही काही आहे. चीनमध्ये ३३८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये कॅनडाच्या मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात दोन्ही गटांना प्रेडनिसोन आणि सुया दोन्ही होतं, एका गटात सुई फिरवून जड-भरून आल्यासारखी ती जाणीव, जिला द-छी म्हणतात, मुद्दाम आणली आणि सहा महिन्यांनी त्यांचा चेहरा जास्त चांगला होता. मला त्या अभ्यासाबद्दल आदर आहे. पण लक्षात घ्या, त्यातही स्टिरॉइड सगळ्यांनाच होतं, आणि सुयाच नाहीत असा गट नव्हता. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ॲक्युपंक्चरबद्दल बाजूने किंवा विरुद्ध काहीच शिफारस करता येत नाही असं म्हटलंय, ७२ तासांत स्टिरॉइड आणि डोळ्याची काळजी याबद्दल मात्र ठाम शिफारस आहे.

ताईंच्या बाबतीत सुयांचा उपयोग मला जिथे दिसला तो असा: मान आणि उजवा जबडा, जो एकटाच सगळं ओढत होता, तो सैल व्हायचा, सिटिंगच्या रात्री झोप लागायची, आणि आठवड्यातून दोनदा कुणीतरी त्यांचा चेहरा न दचकता जवळून बघत होतं. हे कमी नाही, माझ्या दृष्टीने तर अजिबात नाही.

दोन महिन्यांनी ताईंनी त्यांच्या स्टाफच्या ग्रुपवर फोटो टाकून लिहिलं की ॲक्युपंक्चरने चेहरा परत मिळाला. प्रेमाने लिहिलेलं, मला कळतंय. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या सहकाऱ्यांचे एक काका माझ्या दारात, लकवा होऊन दोन आठवडे उलटलेले, डॉक्टर नाही, गोळी नाही, दुसरीकडे कुठेतरी गालाला कप लावून घेतलेले, कातडीवर गोल डाग. "आमच्या मॅडमना तुम्हीच बरं केलंत ना." त्यांना सुई न लावता मी डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे शुगर तीनशेच्या वर निघाली, त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. मी ताईंना हे सांगितलं. त्या गप्प झाल्या आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर पहिल्यापासून लिहिलं: कुठल्या दिवशी हॉस्पिटल, कुठली गोळी, डोळ्याचं काय झालं, आणि सुया कधी. तेच मी इथे सविस्तर लिहिलंय.

तीन महिन्यांनी ग्रेड २. सहा महिन्यांनी कपाळ जवळपास सारखं, पण शिट्टी वाजवायला ओठ गोल केले की डावा डोळा थोडा बारीक होतो, म्हणजे काही तारा चुकीच्या जोडल्या गेल्यात. समोरच्याला कळत नाही, त्यांना फोटोत दिसतं. त्यासाठी आरशासमोरचा सराव चालू आहे, ओठ हलवताना डोळा मुद्दाम उघडा ठेवायचा, रोज थोडा वेळ, आणि वाढलं तर बोटॉक्सच्या छोट्या डोसचा विचार करता येईल असं डॉक्टर म्हणालेत. परवा त्यांनी परत रेषांचं विचारलं, कॉस्मेटिक सिटिंग सुरू करू या का. मी म्हटलं डाव्या बाजूला इतक्यात नाही, वर्ष होऊ दे, डॉक्टर परत ग्रेड बघू देत, मान-खांद्यासाठी हवं तर या. त्या गुरुवारी येतायत.